चुंबक गप्प राहिलं तेव्हा

अन्वरचाचांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरमधल्या एका खासगी हॉस्टेलच्या जिन्यात उभी होते. "अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, माझी चार पत्रकं अजून बाहेर आहेत, आणि आता त्यांची चौकशी करणारं कुणी उरलं नाही.

चाचा चाळीस वर्षं वायरमन. गीझरचा शॉक बसून आमच्या भागातली एक मुलगी बेशुद्ध पडली आणि हॉस्टेलमालकाने तिच्याच ओल्या हातांवर खापर फोडलं, तेव्हा मी संतापून चाचांना तिथे घेऊन गेले. त्यांनी मेन बंद केला, अर्थिंगची वायर सोलली आणि सुतळीला बांधलेलं चुंबक त्या वायरजवळ नेलं. टक्. तांब्याला चुंबक ओढत नाही. म्हणजे वर मुलामा, आत लोखंड.

मग रविवार पेठेतल्या आपल्या दुकानात त्यांनी मला टेबलावर खिळा, पितळी स्क्रू, तांब्याची तार मांडून दाखवली. खिळा उडी मारून आला, बाकी दोन्ही ढिम्म. दुसऱ्या चुंबकाची एक बाजू मात्र पहिल्याला दूर ढकलायची. "ओढलं जातं ते नुसतं लोखंडही असेल," ते म्हणाले, "ढकललं गेलं तरच ते चुंबक." कुठल्या खुणेवरून किती मानायचं, हे ते मला शिकवत होते. मी ऐकलं, पण डोक्यात पत्रक घोळत होतं.

पत्रकात दीड पान मालकांना झोडपण्यात गेलं. तपासणीसाठी एकच ओळ उरली : 'वायर चुंबकाला चिकटली नाही, तर ती सुरक्षित.' दोनशे प्रती वाटून झाल्यावर मी अभिमानाने एक चाचांना दिली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"छान आहे. मयताच्या उशाला ठेवायला चालेल."

त्यांनी ड्रॉवरमधून दुसरी वायर काढली. चुंबक गप्प. चाकूने खरवडली, तर लाल पापुद्र्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. तापणारं, तुटणारं. त्यालाही चुंबक ओढत नाही.

"चुंबक चोर पकडतं, बेटा. सज्जनपणाचा दाखला देत नाही."

वाटलेली पत्रकं परत गोळा करायला, दुखरे गुडघे घेऊन ते माझ्याबरोबर हॉस्टेलांचे जिने चढले. प्रत्येक दाराची बेल वाजवताना मला वाटायचं, आता कुणीतरी सांगणार की इथली मुलगी शॉक लागून गेली. मुली हसायच्या, एका ओळीसाठी एवढं काय, म्हणायच्या. चाचा हसायचे नाहीत. नंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा, नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "किती राहिली?" शेवटच्या फोनवर मी म्हटलं, चार. "मग फोन उचलत काय बसलीस? जा."

चुंबक शबानाने मला दिलं. गेल्या आठवड्यात एका बाथरूमच्या दारावर आतून चिकटवलेलं माझं पत्रक सापडलं. खांद्यावर टॉवेल टाकून एक मुलगी मागे उभी होती. मी मेन बंद केला, वायर सोलली, सुतळी सोडली. आवाज आला नाही.

"चिकटलं नाही ना? मग करू आंघोळ?"

माझंच वाक्य.

"थांब," मी म्हटलं आणि चाकू उघडला. घाईत पहिला ओरखडा माझ्याच बोटावर उमटला. दुसऱ्याला तांब्याचा रंग गेला... खाली पांढरं.

चाचा, तीन राहिलीत.