मांजराची ताटली

भूकंपानंतर आत्या आमच्याकडे लातूरला आली तेव्हा तिच्याबरोबर एक पिवळं कुत्रं होतं. बाकी काही नव्हतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं गाव किल्लारीच्या पलीकडचं, दगडमातीच्या माळवदाच्या घरांचं. त्या पहाटे ती परसाकडं गेली होती म्हणून वाचली. कुत्रं तिच्या मागोमाग गेलं होतं, म्हणून तेही वाचलं. ती परतेपर्यंत गल्ली राहिली नव्हती. तिचा नवरा, मुलगा आणि सून माळवदाखाली होते. दाराशी दोन शेळ्या बांधलेल्या होत्या, त्यांच्यावर भिंत आली. एक शेळी दुपारपर्यंत ओरडत होती, असं आत्या एकदाच म्हणाली. पुन्हा त्याबद्दल ती बोलली नाही.

मी तेव्हा आठवीत होते. वडील जिल्हा परिषदेत कारकून. विहारामागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. आत्या घरात झोपत नसे. अंगणात पत्र्याचं शेड टाकून दिलं, तिथं तिची बाज. पहिली एक-दोन वर्षं लातुरात पुष्कळ लोक बाहेरच झोपायचे, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. नंतर सगळे आत गेले, ती राहिली. घराचं दार आतून लावलेलं तिला खपत नसे. कडीचा आवाज आला की ती बाजेवरून उठायची आणि दार ढकलून बघायची. दार आतून बंदच असेल तर हलक्या हातानं वाजवत राहायची. शेवटी आईनं कडी लावणं सोडून दिलं.

कुत्रं आत्याच्याच ताटात जेवायचं. तिनं भाकरी मोडली की पहिला तुकडा त्याला. तरी ते कायम उपाशी असायचं. पोट टरारलेलं असलं तरी ते भांड्यांच्या मोरीपाशी उभं राहायचं, खरकटं चाटायचं, साबण लागलेला घासणीचा काथ्यासुद्धा एकदा त्यानं गिळला. आईला ते आवडत नसे, पण तीन वर्षं तिनं काढली.

मग शिकवणीचा जोर आला. आमच्या गल्लीत जो तो वरती खोली बांधायला लागला. नांदेडहून, परभणीहून, पार कर्नाटकच्या हद्दीवरून मुलं-मुली ट्रंका घेऊन यायची. सकाळी साडेपाचला गल्ली सायकलींनी भरून जायची. वडिलांनीही गच्चीवर एक पत्र्याची खोली काढली, आणि तिथं देगलूरची एक मुलगी राहायला आली. माझ्याहून एक वर्षानं मोठी, बारावीला. तिला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे तिच्या घरच्यांना व्हायचं होतं, असं ती म्हणायची. मीही अकरावी सायन्सला होते आणि माझ्याबद्दलही घरात तेच ठरलेलं होतं.

शिकवणीच्या मागच्या नालीत तिला मांजराचं पिल्लू सापडलं. करडं, डोळे चिकटलेले. सायकलच्या टोपलीत घालून तिनं ते आणलं. आई जिन्यापाशी उभी होती.

"काकू, मी माझ्या दुधातलं देईन याला," ती म्हणाली. "तुम्हाला काही त्रास नाही."

आई काही बोलली नाही. तोच होकार समजून ती वर गेली.

एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत ती दूध-भाकरी कुस्करायची आणि "बा, बा" म्हणायची. ती घरी कानडी बोलत असे, 'बा' म्हणजे ये. मांजर आठ दिवसांत तो शब्द शिकलं. कुत्रंही शिकलं. तिनं "बा" म्हटलं की खालून नखांचा आवाज करत कुत्रं जिना चढायचं, मांजराला मानेनं बाजूला सारायचं आणि ताटली दोन जिभांत साफ करायचं. मांजराला ते कधी चावलं नाही. गुरगुरलंही नाही. फक्त खायचं. मांजर भिंतीशी बसून बघत राहायचं.

आम्ही काय काय केलं. ताटली कठड्यावर ठेवली, तर कुत्रं मागच्या पायांवर उभं राहून ती पाडायचं. कोंबड्या झाकायचं डालं आणून त्याखाली मांजर आणि ताटली दोन्ही ठेवलं. मांजर आत कोंडल्यावर खाईना, नुसतं ओरडे, आणि ते ओरडणं ऐकून आत्या जिना चढून आली. तिनं डालं उचललं आणि उलटं करून बाजूला ठेवलं. कुत्र्याला आधी पोटभर घालून पाहिलं. ते सगळं खायचं, मग वर जाऊन मांजराचंही खायचं, मग ओकायचं. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आमच्या गल्लीतून जात असत, वडिलांनी त्यांना विचारलं.

"कुठलं आहे कुत्रं?" त्यांनी विचारलं. वडिलांनी गावाचं नाव सांगितलं. 

"त्याची भूक जाणार नाही आता," डॉक्टर म्हणाले. "बांधा, नाहीतर खोलीचं दार लावून मांजराला खाऊ घाला. तिसरं काही नाही."

ती दोन्ही कामं आमच्या घरात होणारी नव्हती. तरी वडिलांनी कासरा आणला. आत्यानं तो बघितला.

"बांदू नगा," ती म्हणाली.

"आक्का, तासभरच. मांजर खाईपर्यंत."

"तासभर म्हंजी किती आसतंय, ठावं हाय मला. बांदू नगा."

वडिलांनी कासरा माळ्यावर टाकला. मुलीनं मग खोलीचं दार लावून बघितलं. आत्या जिन्यावर चढून दाराशी बसायची आणि हलक्या हातानं वाजवत राहायची. "दार लावू नको गं माय. उगड." आत ती मुलगी रसायनशास्त्राचं पुस्तक मिटून बसलेली असायची. चार दिवस तिनं ते सोसलं, मग दार उघडं ठेवायला लागली. ताटलीपाशी मांजराला पाठीशी घालून ती स्वतः बसायची आणि दोन्ही हातांनी कुत्र्याला ढकलायची. पाच-सात घास मांजराला मिळायचे. तिच्या चाचणीत गुण घसरले तेव्हा तिचे वडील येऊन बरंच बोलून गेले. मांजराचं कारण तिनं सांगितलं नाही, आणि ते एकच कारण नव्हतंही.

एका रविवारी आई वैतागून म्हणाली, "याला मुरुडच्या बाजारात नेऊन सोडा. तिथं खायला पुष्कळ मिळतं." ती चुलीपाशी होती, आत्या अंगणात, मी दोघींच्या मध्ये उंबऱ्यावर भाजी निवडत. आईला वाटलं आत्याला ऐकू गेलं नाही. मग तिनं आवाज आणखी खाली आणून मला सांगितलं, "तिकडं त्या दिवसांत कुत्र्यांनी काय खाल्लं, लोक सांगतात. मला त्याच्या तोंडाकडं बघवत नाही."

आत्याला दोन्ही ऐकू गेलं होतं. दुपारी मी तिच्या बाजेवर बसले होते. तिच्या डोक्यात तेल घालत होते. ती आपणहून बोलली.

"त्यानं काय खाल्लं ते मला ठावं न्हाई. खाल्लं आसंल. चार दिस कुणी त्याला तुकडा टाकला न्हाई."

मी हात थांबवले नाहीत.

"तिसऱ्या दिशी टरक आला. पुरीभाजीचे पुडे. मी खड्ड्याच्या काठाला हुबी. माझा मालक, पोरगं, सून आतच हुते, काढायचे हुते आजून. मानसानं माझ्या हातावर पुडा दिला. मी खाल्ला. समदा खाल्ला, अन् दुसरा बी मागितला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता त्याला मी काय बोलू? कंच्या तोंडानं हाकलू ताटलीवरून?"

  आईला मी हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

बारावीचा निकाल लागला. मुलगी पास झाली, पण डॉक्टरीच्या यादीत तिचं नाव लागण्यासारखं नव्हतं. तिचे वडील जीप घेऊन आले. ट्रंक चढली, गादीची वळकटी चढली. मांजर ती उचलून जीपपर्यंत घेऊन गेली, तिच्या वडिलांनी नुसती नाही म्हणून मान हलवली, आणि तिनं ते माझ्या हातात दिलं.

"तेवढं ताटलीपाशी बसत जा," ती म्हणाली. "बसलीस तर खातंय ते."

मी बसेन म्हणाले. आणि खरोखर बसले, सकाळ-संध्याकाळ, काही महिने. पण आता मी बारावीला होते. पहाटे एक शिकवणी, कॉलेज, पुन्हा दोन शिकवण्या. कधी ताटली ठेवून मी वही उघडायचे, आणि वर बघेपर्यंत कुत्र्याचं तोंड ताटलीत असायचं. मांजर वाढायचं थांबलं होतं. त्याच्या पाठीचा कणा हाताला लागायचा. सुकटीच्या वासानं ते वेडं व्हायचं, पण दोन घासांनंतर मान वळवून मागं बघायचं, आणि त्या मागं बघण्यातच तिसरा घास जायचा.

आमच्या शिकवणीत गुणांवरून तुकड्या पाडलेल्या होत्या. एक दिवस मला पहिल्या तुकडीतून तिसऱ्या तुकडीत बसायला सांगितलं. पहिल्या तुकडीच्या खोलीतून माझी वही घेऊन बाहेर पडले तेव्हा कुणी वर पाहिलंही नाही. घरी आले. दहा वाजले असतील. घरात फक्त आत्या होती, अंगणात ज्वारी पाखडत बसलेली. मी ताटलीत सुकट आणि भाकरी घातली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. मांजर आलं. एक घास. कुत्रं उठलं.

"हट," मी म्हटलं.

ते थांबलं नाही. मोरीपाशी कपडे बडवायचं धोपाटणं पडलं होतं, ते मी उचललं आणि मारलं. एकदाच, पण होतं नव्हतं ते सगळं बळ लावून. पुढच्या उजव्या पायावर बसलं. आवाज झाला. कुत्रं ओरडलं, आणि मला वाटलं पळेल किंवा माझ्या अंगावर येईल. त्यातलं काही झालं नाही. मोडलेला पाय पोटाशी घेऊन, तीन पायांवर उभं राहून ते खात राहिलं. सगळं थरथरत होतं आणि खात होतं.

मांजर केव्हाच भिंतीवर गेलं होतं.

आत्यानं सूप खाली ठेवलं. ती आली, लुगड्याचा काठ दातांनी फाडला, कुत्र्याजवळ बसली. त्याचं खाऊन होईपर्यंत थांबली. मग पायाला हळद लावून दोन काड्यांमध्ये तो बांधला. माझ्याकडे तिनं बघितलं नाही असं नाही. बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला तिथं उभं राहवेना.

संध्याकाळी वडील आले तशी ती म्हणाली, "मला गावाकडं सोड."

"गाव कुठं राहिलंय आक्का?"

"सरकारनं दिलंय की घर. तितं सोड."

पुनर्वसनात तिच्या नावानं एक घर झालेलं होतं. ती एकदाच तिथं गेली होती, अंगठा उठवायला. वडिलांनी आठ दिवस समजावलं. आईनंही समजावलं, आणि आईला रडू आलं, हे मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. मी समजावलं नाही. माफी मागायची तर 'राहा' म्हणायला हवं होतं, आणि ती राहिली तर पुन्हा ते कुत्रं, ती ताटली.  जीपमध्ये तिच्या मांडीवर कुत्रं होतं, पाय बांधलेला.

त्यानंतर मांजराची ताटली दिवसभर अंगणात राहायची. दुसरं कुणी तिला तोंड लावायचं नाही. मांजर यायचं, दोन घास घ्यायचं, मान वळवून मागं बघायचं आणि पळायचं. उरलेल्याला मुंग्या लागायच्या. मी शेजारी बसून पाहिलं, "बा, बा" म्हणून पाहिलं. पाठीचा कणा तसाच लागायचा. पावसाळ्यात कधीतरी ते यायचं थांबलं. कोणत्या दिवशी, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

बारावीत मला जेमतेम गुण मिळाले. नांदेडला बी.एस्सी.ला जाण्याआधी मी वडिलांबरोबर आत्याकडे गेले. नवं गाव आखून दिल्यासारखं, सगळी घरं सारखी, भिंतीवर आकडे. तिच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि आत काहीच नव्हतं. ती बाहेर, बाभळीच्या सावलीत बाजेवर. कुत्र्याचा पाय वाकडा जुळला होता. ते लंगडत आलं, माझा हात हुंगला, त्यात काही नाही हे बघून परत गेलं.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

"हो."

"हितं मांजरं न्हाईत," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं, पण ती कुत्र्याकडे बघत होती.

तिनं आम्हाला भाकरी आणि पिठलं वाढलं. मी खाल्लं. शेवटची गाडी गाठायची होती म्हणून आम्ही लवकर निघालो. वडील म्हणाले, "दिवाळीला न्यायला येतो." ती बरं म्हणाली. दिवाळीला ती आली नाही.

मी नांदेडला दुसऱ्या वर्षात असताना वसतिगृहावर फोन आला. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी गेली, शेजारच्यांनी कळवलं. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आठवड्यानं आम्ही पुन्हा तिथं गेलो तेव्हा वडिलांनी शेजाऱ्यांना कुत्र्याचं विचारलं. ते म्हणाले, चार दिवस बाजेखाली होतं, आम्ही भाकरी टाकली, त्यानं ती खाल्ली नाही, मग दिसलं नाही. मी आणि वडील उसाच्या रानातून, कारखान्याच्या रस्त्यापर्यंत बघत गेलो, ते कुठं दिसलं नाही. तिथून आम्हाला लातूरची गाडी मिळाली.