घडीघडी उठणारी सून
बाजारात हिरव्या चिंचेचा आंबूस वास आला की मला राळेगावच्या सासरी झालेले नणंदेचे डोहाळजेवण आठवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचारांनी माझे मूत्राशय आक्रसले होते. लघवीची जाणीव झाली की थांबणे अशक्य होई. सासरी आम्ही नवराबायकोने केवळ पोटाचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले होते, आता मूल होणार नाही हे सांगितले नव्हते. नणंदेची ओटी भरली जात असताना मी पुन्हापुन्हा उठून अंगणापलीकडच्या संडासाकडे जात होते. परतल्यावर शेजारच्या काकूंनी नणंदेच्या ताटातली चिंच उचलून माझ्या हातात ठेवली. “काहून लपवून राह्यली वं? घडीघडी उठून राह्यली, आमाले समजत नाही का?” बायका हसल्या. सासूबाईंचा चेहरा उजळला, माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “मले तरी सांगाचं होतं, पोरी.” पाहुण्या गेल्यावर मी सासूबाईंना सारे खरे सांगितले. आता व्यायामांनी मूत्राशय बरेच सावरले आहे, महाविद्यालयात जीवशास्त्राचा पूर्ण तास मी न थांबता शिकवते. सासूबाई माझ्या औषधांची आठवणीने चौकशी करतात. ‘पोरी’ ही त्यांची हाक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली होती. त्यानंतर कधी ऐकली नाही.