ओल्या चादरी

माझ्या धाकट्या मावशीला मावशी म्हणणारी मी एकटी कधीच नव्हते. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत ती सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होती, आणि मोठ्या डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची ती मावशीच. "सख्खी भाची एक आणि बाकीचे सगळे फुकटचे," असं ती म्हणायची.

तिच्या कामात घड्या कमी आणि निरोप जास्त होते. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर, तळघरात लाँड्रीचे मशीनवाले. दीड वर्षापूर्वी जिन्यात त्यांचा शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. तेव्हापासून जे काही सांगायचं ते मावशीकरवी. मशीनवाले म्हणायचे, "विचार त्या बाईला, डोळे आहेत का?" मावशी वर जाऊन सांगायची, "एकदा नीट बघून घ्या म्हणालेत." सिस्टर म्हणायच्या, "त्या माणसाला काम जमत नसेल तर घरी बसावं." मावशी खाली येऊन सांगायची, "जरा लक्ष द्या म्हणाल्या." काटे काढून निरोप पोचवता पोचवता ती थकून गेली होती. घरी आली की तासभर कुणाशी बोलायची नाही. काका टीव्हीचा आवाज आपणहून कमी करायचे.

त्यातच थिएटरच्या चादरी ओल्या निघायला लागल्या. एका सकाळी त्यापायी ऑपरेशन तासभर थांबलं. ऑफिसातून मशीनवाल्यांना पत्र आलं, दोन दिवसांत लेखी खुलासा द्या. त्यांनी पत्र घडीच्या टेबलावर आपटलं.

"मावशी, चादर माझ्या हातून निघते तेव्हा पापडासारखी कडक असते. सांग तिला."

मावशी निघाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा धरला म्हणून ती पायरीवर टेकली, आणि मग तिला उठावंसंच वाटेना. राग नव्हता, रडूही नव्हतं. नुसता कंटाळा, हाडांत उतरलेला. लोक बाजूने चढत-उतरत होते. बऱ्याच वेळाने ती उठली, ती खाली जायला. लाँड्रीच्या फोनवरून तिने थिएटरला फोन लावला.

"सिस्टर, तुम्हीच खाली या."

"मी? मावशी, मला इथे मान वर करायला वेळ नाहीये!"

"मग चादरी ओल्याच राहू द्या. माझ्याच्याने आता जिना चढवत नाही."

अर्ध्या तासाने सिस्टर आल्या, कपाळावर आठ्या घेऊन. मशीनवाल्यांनी त्यांच्याकडे पाठ केली. मावशीने ड्रायरमधून चादर ओढून सिस्टरांच्या हातात दिली. कोरडी ठक्क, चटका बसावा इतकी गरम. सिस्टरांनी ती या हातातून त्या हातात केली.

"आता ही तुमच्याकडे पोचेपर्यंत आपण तिघं हिच्या मागे चालायचं," मावशी म्हणाली.

गठ्ठे ट्रॉलीवर चढले. वॉर्डबॉयने ट्रॉली रॅम्पवरून वर ढकलली आणि हे तिघं वरातीसारखे मागे. तिसऱ्या मजल्यावर ट्रॉली थिएटरच्या दारात न थांबता पलीकडच्या भिंतीला लागली. तिथेच अवजारं वाफेवर निर्जंतुक करायची खोली. थोड्या वेळाने तिचं दार उघडलं आणि वाफेचा लोट सरळ गठ्ठ्यांवर आला. दार लागलं तरी झिजलेल्या रबरातून वाफ येतच राहिली. पाऊण तासाने मावशीने वरच्या चादरीला हात लावला. ओलसर.

"ट्रॉली इथे कोण लावायला लागलं?" मशीनवाल्यांनी विचारलं.

सिस्टर जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं. दारात स्ट्रेचरला अडचण होत होती."

मशीनवाल्यांनी तोंड उघडलं. दीड वर्षाचं सगळं त्यात भरलेलं दिसत होतं. मावशीने हात वर केला. "दादा, एक शब्द नको. मला ऐकवणार नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं. खुलासा चार ओळींचा झाला. खाली मशीनवाल्यांची सही आणि, कुणी न सांगता, सिस्टरांचीही.

ट्रॉलीची जागा त्याच दिवशी बदलली. दाराचं रबर बदलायला मात्र चार महिने लागले. दोघांची मैत्री वगैरे काही झाली नाही. ते फोनवर थेट भांडायला लागले एवढंच, आणि मावशी शांतपणे घड्या घालायला मोकळी झाली.

ऑफिसच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "मावशी, तुम्हाला तक्रार समितीवर घेऊ या. तुम्हाला माणसं सांभाळता येतात."

"साहेब, माणसं पुरे झाली," ती म्हणाली. "बसायला एक उंच स्टूल द्या."

स्टूल आठवड्याने आलं. ते जरासं डुगडुगायचं. मावशीने एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती बसून काम करायला लागली.