धानावर टांगलेल्या सीड्या

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंतच शाळा झाली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. ज्या माणसाबद्दल लिहिते आहे तो कोणालाच सांभाळून घेत नव्हता, आणि मीही इथे त्याला सांभाळून घेणार नाही. दुकानात मी त्याला मालक म्हणायची, अहो-जाहो करायची. वहीत 'तो' म्हणते.

"हात दाखव."

अवकाशातल्या लढाईचा गेम मागायला कोणी आला की तो एवढंच म्हणायचा. येणारा गोंधळून तळहात पुढे करायचा, ज्योतिष्यापुढे करतात तसा. तळहात तो बघायचाच नाही. मनगट धरून गोल फिरवायचा, मग अंगठा मागे किती वाकतो ते पाहायचा. जास्त वाकला की संपलं.

"मोबाईलवाला अंगठा हाय बे तुह्या. रिचार्ज मारायचा असंल तर मार, नाही तर निघ. इकडं मनगट लागते."

साकोलीत हायवेला लागून त्याचं दुकान होतं. पुढे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. मागे हिरवा पडदा, आणि पडद्याआड एक जुना कॉम्प्युटर, जाड पाठीचा. त्याला एक काळी दांडी जोडलेली होती. ती दांडी धरूनच जहाज चालवायचं असतं. मी तिथे सात वर्षं झाडू मारला, चहा केला, झेरॉक्सचे गठ्ठे लावले. सात वर्षांत त्यानं माझं नाव घेतलं नाही. "ओ बाई" एवढंच.

तुमच्यापैकी कोणाला असे जुने गेम खेळायचे असतील तर ते कोणत्या क्रमानं खेळायचे ते सांगून ठेवते. क्रम त्याचा बरोबर होता, हे मला कबूल करावं लागतं. नावं इंग्रजीत होती, म्हणून मी कव्हरावरच्या चित्रांवरून आणि कॉम्प्युटरवर दिसेल त्यावरून माझी नावं ठेवली होती.

पहिला रांगोळीचा. काळ्या पडद्यावर नुसत्या रेघा, ठिपके जोडून काढल्यासारख्या. रेघांचं जहाज, रेघांचे लुटारू. इथला माल भरून तिथे विकायचा. लढाई त्यात सोपी आहे, अवघड आहे ते मुक्कामाला लागणं. एक मोठा ठोकळा आकाशात गरगर फिरत असतो, त्याच्या बारक्या खाचेत जहाज घालायचं, आणि घालताना आपणही त्याच्याबरोबर फिरायचं. आठ दिवस त्या खाचेवर आपटून जो परत यायचा त्यालाच दुसरा गेम मिळायचा.

दुसरा पोरांचा. आपल्या जोडीला चार-पाच पोरं असतात, कानात बोलतात, एकमेकांची टिंगल करतात. लढाईत मेलेलं पोर पुढच्या खेपेला येत नाही. ह्यात शत्रू मोजत बसू नका, आपल्या पोराच्या मागे कोण लागला ते आधी बघा.

तिसरा डोंग्याचा. इंजिन बंद केलं तरी जहाज थांबतच नाही. आमच्या सानगडीच्या तलावात शिंगाडे काढायला डोंगा फिरतो, वल्हं उचललं तरी तो घसरत राहतो, काठ यायच्या कितीतरी आधी उलटं वल्हवावं लागतं. अगदी तसं. तिसरा तो सहसा कोणाला देत नसे.

ज्यांना हे वेड होतं अशा तीस-चाळीस माणसांचा मोबाईलवर ग्रुप होता. त्यावर तो बोलून निरोप पाठवायचा, आणि निरोप म्हणजे शिव्याच. कोणी नवीन माणसानं "सर, कुठला खेळू?" विचारलं की, "तू लुडो खेळ बाप्पा." नागपूरचा एक जण होता, त्याच्याशी तर वैरच. त्याला जहाज विमानासारखं वळणारे गेम आवडायचे. हा मोबाईल तोंडाशी धरून ओरडायचा, "आकाशात हवा कुठून आली बे? कायच्या जोरावर वळून राह्यलं तुह्यं जहाज?" पाच वेळा त्याला ग्रुपमधून काढलं आणि पाच वेळा परत घेतलं. भांडायला त्याच्याइतकं जाणणारा दुसरा कोणी नव्हता.

दुकानात येणारा भक्त एकच. दिघोरीचे एक गुरुजी. दर रविवारी मोटारसायकलवर यायचे, दोन वर्षं दुसऱ्याच गेमवर अडकलेले.

"सर, आता तरी तिसरा देता का जी?"

"कायले? पोरं मारून राह्यला तू अजून. अख्खी फौज मारली मास्तर तुनं. शाळेत तरी जिती ठेवतं का नाही?"

गुरुजी हसायचे आणि पुन्हा बसायचे. मला तेवढे एक ताई म्हणायचे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दरवर्षी धानात दूध भरायच्या दिवसांत तो मला खराब झालेल्या सीड्या द्यायचा, लग्नाच्या फोटोंच्या वगैरे. मी दोन-दोन सीड्या डिंकानं पाठीला पाठ लावून चिकटवायची, म्हणजे दोन्हीकडून चमकतात. दोरीनं भावाच्या बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात, टांगल्या की पोपट फिरकत नाहीत. त्या वर्षीही मी विचारलं, "मालक, यंदा सीड्या हाय का जी?"

तो लढाईत होता. गुरुजी शेजारी स्टुलावर. मान न वळवता म्हणाला, "खालचा डब्बा घेऊन जाय."

टेबलाखाली एकच डबा होता, बिस्किटाचा. मी नेला.

उंदरांनी कव्हरं कुरतडायला सुरुवात केली म्हणून त्यानं आपल्या गेमच्या सीड्या काढून त्या डब्यात ठेवल्या होत्या. मला ते माहीत नव्हतं. कव्हर असतं तर चित्र ओळखलं असतं, सीडीवर नुसती इंग्रजी अक्षरं. चिकटवताना एकदा मनात आलं की यंदाच्या सीड्यांवरची छपाई फारच चांगली आहे. तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं. नाही थांबले.

आठ दिवसांनी त्यानं डबा शोधला. गुरुजींच्या मोटारसायकलवर बसून तडक सानगडीला आला. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होते. सीड्या वाऱ्यानं फिरत होत्या, आणि तो एकेकीपुढे मान वाकडी करून उभा राहायचा, मधल्या भोकाजवळची बारीक अक्षरं समोर येईपर्यंत. एक सीडी काढून शर्टाला पुसली. चिकटवलेली जोडी ओढून पाहिली, तर छपाई चमकीसकट सोलून हातात आली, म्हणजे सीडीच गेली. माझ्या भावाला वाटलं पाहुणा कौतुक करतो आहे.

"लय जबर सीड्या हाय जी," भाऊ म्हणाला. "यंदा एक पोपट नाही आला."

तो ती सीडी खिशात घालून मोटारसायकलवर बसला. बोलला दुसऱ्या दिवशी, दुकानात, फॉर्म भरायला आलेली सात-आठ माणसं असताना. शाळा सुटल्यावर गुरुजीही आले होते.

"चोरटी हाय ही. न विचारता माह्या डब्बा उचलला."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याला उलट बोलले. "तुमीच म्हटलं जी. खालचा डब्बा ने म्हून."

"मी? मी कवा म्हटलं? मास्तर, तू होता ना. मी म्हटलं काय?"

गुरुजी कीबोर्डकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मले नाही ऐकू आलं सर. गेमचा आवाज होता."

झेरॉक्स काढायला आलेल्या एका बाईनं बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. तिचा चेहरा नाही आठवत मला, पर्सची चेन आठवते.

सीड्यांची किंमत त्यानं ग्रुपवर विचारून ठरवली आणि दर महिन्याला माझा अर्धा पगार कापू लागला. रांगोळीचा कॉम्प्युटरमध्येच भरलेला होता आणि तिसऱ्याची सीडी मी डबा नेला त्या दिवशी मशीनमध्ये होती, म्हणून तेवढे दोन वाचले होते. महिन्याभरात तिसरा गुरुजींना मिळाला.

मी काम सोडलं नाही. सोडलं असतं तर चोरी कबूल केल्यासारखं झालं असतं. कोपऱ्यावरचा चहावाला मला पाहून गल्ला बंद करायचा, तरी मी रोज जायची.

आता माझं सांगते. त्या दांडीच्या बुडाला एक बारीक दातेरी चाक होतं. ते फिरवलं की दांडी सरळ धरली तरी जहाज एका बाजूला ओढ घेतं. झाडताना मी ते रोज एक दात फिरवू लागले. डावीकडे.

तो वेडा व्हायला आला. वायर बदलली, टेबल बदललं, लाईटवाल्यांना शिव्या घातल्या, ग्रुपवर नागपूरवाल्याला शिव्या घातल्या. चाकाकडे त्याचं लक्ष गेलं नाही. वीस वर्षं ते जागेवरून हललंच नव्हतं. रांगोळीच्या खाचेवर जहाज आपटायचं आणि मी पडद्याबाहेर कागद मोजत ऐकायची. चहापेक्षा गोड वाटायचं.

मग एक दिवस त्यानं दांडी सोडली आणि आपलंच मनगट धरून गोल फिरवून पाहिलं. स्वतःचा अंगठा मागे वाकवला. मी चहा घेऊन उभी होते, त्यानं पाहिलं नाही. ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, कुठून सुरू करू. त्यानं शिवी दिली नाही, उत्तरच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चाक मोजून जागेवर आणलं.

जहाज तरी डावीकडेच जात होतं.

त्याचा हातच कापत होता. कधीपासून, ते मला ठाऊक नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांनी काही फरक पडला नाही. खोटं कशाला लिहू, पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. मग कपातला चहा बशीत, बशीतला पँटवर सांडू लागला, तेव्हा मी कप अर्धाच भरायला लागले. पगार मात्र तो कापतच होता, आणि शेवटचा हप्ताही त्यानं कापला.

त्यानंतरच्या एका रविवारी कप हातातून सुटलाच. तो ओरडला, "ओ चोरटे, फडकं आन!"

गुरुजी उठून उभे राहिले. "सर, तिले चोरटी म्हनू नोका. खालचा डब्बा तुमीच म्हटलं होतं. मी ऐकलं होतं."

"मंग तवा काहून नाही बोलला?"

"तिसरा गेम पाह्यजे होता मले."

तो म्हणाला, "निघ." गुरुजींनी पिशवीतून तिसरी सीडी काढून टेबलावर ठेवली आणि निघाले. पडद्यापाशी मला म्हणाले, "ताई, माफ करा जी." मी फरशी पुसत होते, मान वर केली नाही. आजही करणार नाही. मालक ओरडून खोटं बोलला होता, तो तसाच होता. ह्यांनी मात्र मला ताई म्हणून ते केलं.

माझी माफी त्यानं त्या दिवशी मागितली नाही, त्या महिन्यातही नाही. मग दुकान विकायला काढलं. कॉम्प्युटर आणि दांडी न्यायला नागपूरवाला स्वतः गाडी घेऊन आला. तोवर दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. सामान डिकीत ठेवता ठेवता पुन्हा हवेवरून भांडण लागलं. गाडी चालू झाली तरी हा काचेवर बोट आपटत होता, "पहिले रांगोळी खेळ बे! बाकी मंग!"

रांगोळी. तो शब्द माझा होता. कधी ऐकला त्यानं, कोण जाणे.

आता तो गोंदियाला बहिणीकडे असतो म्हणतात. दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात, एक पोरगी रंग दाखवत बसते. मी दोन गल्ल्या पलीकडे एका डॉक्टरकडे काम करते, चावी माझ्याकडे असते.

पैशांचं सांगायचं राहिलं. गाडी गेल्यावर त्यानं मला पडद्याच्या आत बोलावलं. आत आता नुसतं टेबल होतं. त्यानं खिशातून नोटांची गड्डी काढली. "घे. कापलेले. सगळे हाय."

मी हात पुढे केला नाही. "इथं नाही जी," मी म्हणाले. "बाहेर द्या."

"काहून?"

"आरोप बाहेर केला होता जी."

मला वाटलं ओरडेल. पण तो पडदा बाजूला करून बाहेर आला. बाकावर फॉर्मवाले तिघे होते, कोपऱ्यावरचा चहावाला कप न्यायला आला होता. तो मोठ्यानं म्हणाला, "बाईचे पैसे होते माह्याकडं. मी चुकीचे कापले होते." आणि एकेक नोट काउंटरवर ठेवत मोजू लागला. हात कापत होता, दोन नोटा खाली पडल्या. कोणी उचलायला वाकलं नाही, मीही नाही. त्यानंच वाकून उचलल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"झालं," तो म्हणाला. "आता तुह्यं-माह्यं काही राह्यलं काय?"

चाकाचं अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही जी," मी म्हणाले, आणि चहावाल्यासमोर नोटा दोनदा मोजल्या. पूर्ण होत्या.