कालव्याची ओटी

ऑपरेशननंतर आईला नांदेडहून घरी चाकूरला न्यायचं, म्हणून मी गाडीत सगळं क्रमानं लावलं होतं. मागच्या सीटवर उशी, हाताशी गोळ्यांची पिशवी, डिकीत वॉकर. थांबायचं एकदाच, अहमदपूरला चहाला. नवा गुडघा नीट बसला होता, पण आई त्यावर भारच देत नव्हती. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आत्ता चालल्या नाहीत तर पाय आखडेल, मग अवघड आहे. बाबांना मी हे कळवलं नव्हतं.

लोहा मागं पडल्यावर आई म्हणाली, "कालव्यापाशी थांबव."

निजामाच्या काळातला घडीव दगडांचा कालवा. तिच्या माहेरच्या शिवाराला त्याचंच पाणी. त्याची ओटी भरल्याशिवाय त्या गावची लेक सासरी जात नाही. आईनं हा नेम अजून मोडलेला नाही. गोळ्यांच्या पिशवीत खण-नारळ कधी गेले, मला पत्ता नाही.

"तू बस, मी भरून येते."

"तुझं माहेर हाय का हे?"

पुलाच्या कठड्याशी तिला उभं केलं. कालवा कोरडा. पाण्याची पाळी अजून सुटायची होती. मला बरंच वाटलं. नारळ इथंच ठेवू आणि निघू.

"रिकाम्या पाटाची ओटी भरत न्हाईत. गेटापाशी हाय बघ पाणी."

कालव्याचं पाणी अडवणाऱ्या त्या गेटापर्यंत नुसती भरावावरची पायवाट. वॉकर मातीत रुतायला लागला, तसा तिनं तो बाजूला सारला आणि माझा दंड धरला. पहिल्याच पावलाला तिची नखं रुतली. मी थांबले.

"थांबू नको गं. थांबलीस की भ्या वाटतं."

मग मी थांबले नाही. ती मध्येच सांगत होती, हितं धुणं धुवायचो, हितं तुझा मामा पडला होता.

गेटाशी हिरवट पाणी साचलेलं होतं. मी तिची कंबर धरली. ती वाकली, हळद-कुंकू वाहिलं, खण-नारळ सोडला, हात जोडले.

"काय मागितलंस?"

"मागायचं नसतं. येते म्हणून सांगायचं."

परतताना तिनं दंड सोडून माझं नुसतं बोट धरलं. गाडीत बसली तेव्हा कपाळावर घाम होता.

"लई दुखतंय का?"

"दुखंल की. चालले न्हाई का मी?"