खोबरेल तेलाचा ट्रिगर

अमिरातीतल्या चाळीस डिग्रीच्या अल ऐनमध्ये पिस्तूल गोठवून दाखवलेली मी एकमेव बाई आहे.

घाबरू नका, पिस्तूल हवेचं होतं. आमच्या शूटिंग क्लबमध्ये दहा मीटरवरच्या टार्गेटवर वाटाण्याहून लहान छर्रे मारायचे, एवढाच तो खेळ. मी एका हॉस्पिटलच्या एचआरमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या रजा नामंजूर केल्यावर संध्याकाळी माणसाला कशावर तरी नेम धरावासा वाटतोच! मी क्लबला नेमाने जात होते आणि नेमाने शेवटून पहिली येत होते. (नेमाने जाणं आणि नेम लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.)

आता दोष माझ्यात असणं तर शक्यच नव्हतं. म्हणजे तो ट्रिगरमध्ये होता.

“ग्लेन, माझा ट्रिगर बदलायला हवा,” मी नवऱ्याला जेवताना सांगितलं.

“अगं फिलू, तसल्याच पिस्तुलाने तुमच्या क्लबचे देशपांडे पहिले येतात.”

“त्यांचं बोट वेगळं आहे!”

ग्लेनने माझ्या बोटाकडे बघितलं, मग ताटातल्या सुरमईकडे बघितलं आणि सुरमईशी बोलणं जास्त फायद्याचं ठरवलं.

पुढचा महिनाभर मी ट्रिगरचे व्हिडिओ बघितले. सपाट ट्रिगर, बाकदार ट्रिगर, बोटाच्या मापाने पुढेमागे सरकणारा ट्रिगर! लग्नाचा गाऊन मी एका दुपारीत निवडला होता. (नवरा तर त्याहून कमी वेळात.) शेवटी पोपटाच्या चोचीसारखा बाकदार, सोनेरी, स्क्रूने हवा तसा हलका-जड करता येणारा एक ट्रिगर क्लबच्या दुकानातूनच मागवला. ग्लेनने किंमत ऐकली, मनातल्या मनात रुपयांत केली आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

याच सुमारास वसईहून माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या मम्मी, व्हिजिट व्हिसावर आल्या. घरी बसून कंटाळतात म्हणून मी त्यांना क्लबला न्यायला लागले. तिथल्या रेंज ऑफिसरने, म्हणजे खालिदने, गंमत म्हणून त्यांच्या हातात पिस्तूल दिलं. मम्मींनी आधी गळ्यातला क्रॉस सरळ केला, मग चष्मा सरळ केला आणि धाडकन दहापैकी नऊ गुण घेतले.

“मदाम!” खालिद ओरडला. “पहले किधर सीखा?”

“सीखा नाही रे बाबा,” मम्मी म्हणाल्या, “मोगरा तोडा! जिंदगीभर मोगरा तोडा!” आणि माझ्याकडे वळून, “कळी ओढली तर दबते गो बाय. हलकेच खुडायची. तू ट्रिगर ओढतेस. म्हैस ओढल्यासारखा.”

हे सगळं त्या मोठ्याने बोलल्या. मराठीत बोलल्या हे खरं, पण शेजारच्या लेनमध्ये देशपांडे नवराबायको होते.

मग क्लबची कौटुंबिक जोडी स्पर्धा जाहीर झाली. एका घरातले दोघे, दोघांत एकच पिस्तूल, आळीपाळीने नेम. ग्लेन माझा जोडीदार होणार होता, पण त्याच्या प्लँटला ऐनवेळी दुरुस्तीचं शटडाऊन लागलं आणि त्याला तिथे थांबणं भाग पडलं. (शटडाऊन ऐकून इतका आनंदलेला इंजिनियर मी पहिल्यांदाच बघितला.) म्हणून मी आणि मम्मी. खालिदने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं की, या वेळीही शेवटी आलात तर पुढच्या महिन्यापासून तुम्हाला बिगिनर्स बॅचमध्ये बसवावं लागेल. त्या बॅचचं सरासरी वय अकरा होतं. त्यातली दोन मुलं माझ्या लेकीच्या, शॅननच्या, शाळेतली!

म्हणजे ट्रिगर परफेक्ट हवाच होता.

पिस्तूल क्लबच्या बाहेर नेता येत नाही. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दुपारी मी क्लबच्या मागच्या शेडमधल्या दुरुस्तीच्या टेबलावर रिकामं पिस्तूल घेऊन बसले. नियम असा की, ट्रिगरला पाचशे ग्रॅम वजन टांगलं तरी तो सुटता कामा नये. सुटला तर जोडी बाद. खालिदकडे खास वजन होतं, पण ते मागितलं असतं तर “मदाम, स्क्रूको हाथ मत लगाओ” हे व्याख्यान परत ऐकावं लागलं असतं. म्हणून मी घरून चहाचा अर्ध्या किलोचा पुडा आणला होता. तो सुतळीने ट्रिगरला टांगला आणि स्क्रू फिरवत बसले. पुडा पेलला की स्क्रू किंचित सैल, सुटला की किंचित घट्ट. सौ. देशपांडे तिथून जाताना थांबल्या, पिस्तुलाला लोंबणाऱ्या चहाकडे बघितलं आणि काही न विचारता गेल्या. सुसंस्कृत बाई.

मग तेल. पुस्तिकेत लिहिलं होतं, हलक्या तेलाचा एक थेंब. माझी तेलाची बाटली संपली होती. पण पर्समध्ये मम्मींनी वसईहून आणलेलं घाण्याचं खोबरेल होतं. शेडमधल्या उकाड्यात ते पाण्यासारखं पातळ झालं होतं. याहून हलकं तेल कुठलं? शिवाय नॅचरल! मी एक थेंब टाकला. छान वाटलं. मग आणखी काही टाकले. मग बाटली हातातून निसटली, तेव्हा जे गेलं ते मोजता आलं नाही.

पण ट्रिगर काय चालायला लागला म्हणून सांगू! लोण्यासारखा!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेंजवर गेलो. आत एसी असा की मम्मींनी स्वेटर मागितला. खालिदने सगळ्यांची पिस्तुलं तपासली. माझ्या ट्रिगरला वजन टांगलं. ट्रिगर ढिम्म हलला नाही.

“व्हेरी गुड, मदाम!” खालिद खूश झाला. मीही मान झुकवली. चहाच्या पुड्याचा हिशेब बरोबर आला होता.

पहिला नेम माझा. श्वास घेतला, अर्धा सोडला, बोट दाबलं.

काही नाही.

आणखी दाबलं. काहीच नाही. दोन्ही पाय रोवून दाबलं, तेव्हा ट्रिगरऐवजी माझा खांदाच हलला.

“मदाम, यल्ला!” खालिद म्हणाला. “शूट!”

“आय ॲम शूटिंग!” मी दातओठ खात म्हणाले.

“मॉम, इट्स नॉट वर्किंग,” मागून शॅनन. (मुलगी हुशार आहे, वडिलांवर गेली आहे.)

खालिदने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवायला लावलं. मम्मी वाकल्या, ट्रिगरच्या फटीत निरखून बघितलं, मग नाक जवळ नेलं.

“फिलू, यात पांढरं काय आहे गो?”

“कुठे काय?”

“हे माझं खोबरेल आहे!” मम्मींचा आवाज चढला. “आणि गोठलंय!”

मी कपाळाला हात लावला. शेडमध्ये जे पाणी होतं, त्याचं एसीत मेण झालं होतं! बाहेर उन्हात उंट घामाघूम होत होते आणि माझं पिस्तूल थंडीने आखडलं होतं.

“पुसून काढू का?” मी कळवळून म्हणाले.

“एवढ्या आत बोट जाणार आहे का तुझं? सरक.”

खालिदची परवानगी घेऊन मम्मींनी ते रिकामं पिस्तूल, तोंड टार्गेटकडेच ठेवून, दोन्ही तळव्यांत धरलं आणि चोळायला सुरुवात केली. मधूनमधून त्यावर तोंड नेऊन “हाऽऽ” करून वाफ सोडायच्या. सगळी रेंज नेम सोडून बघायला लागली.

खालिदने माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, “मम्मी दुआ कर रही हैं?”

आता खोबरेलाची गोष्ट त्याला कुठून सांगू?

“हां,” मी म्हणाले. “दुआ.”

खालिदने आदराने मान खाली घातली. ते बघून त्याच्या मदतनिसाने घातली. देशपांड्यांनी तर हात जोडले!

दुआ संपली. पिस्तुलात छर्रा भरला, मी नेम धरला, बोट नुसतं टेकवलं आणि ट्रिगर इतक्या अलगद सुटला की मी दचकले. दहाला दहा! फक्त टार्गेट देशपांड्यांचं होतं.

“थँक यू, वहिनी,” देशपांडे म्हणाले. (गुण त्यांना मिळाले नाहीत, पण मला शून्य मिळालं.)

मग मम्मी उभ्या राहिल्या. क्रॉस सरळ, चष्मा सरळ. दहा! माझी पाळी: सात. मम्मी: दहा. माझी पाळी: आठ. मधल्या वेळात पिस्तूल गार पडू नये म्हणून त्या मूठ तळव्यांत धरून उभ्या राहायच्या आणि माझ्या हातात देताना प्रत्येक वेळी बजावायच्या, “ओढू नकोस. खुड.” रेंजभर खोबरेलाचा वास दरवळत होता. मी डोळे बारीक करून त्या काळ्या ठिपक्यात मोगऱ्याची कळी बघायला लागले, आणि खरं सांगते, नऊ आला! मग पुन्हा नऊ! मग माझा स्वतःचा, माझ्याच टार्गेटवरचा, कायदेशीर दहा!

“ग्रँडमा इज अ बीस्ट!” शॅनन किंचाळली. (माझ्याबद्दल काही नाही. चालतं.)

शेवटच्या नेमाला आम्ही आणि देशपांडे बरोबरीत होतो. देशपांड्यांनी नऊ मारला. मम्मींनी हलकेच कळी खुडली. दहा.

मी उडी मारली, मम्मींनी उडी मारायचा विचार केला, खालिद टाळ्या वाजवत आला आणि म्हणाला, “मबरूक! मुबारक हो! खलास! सिर्फ विनरका ट्रिगर फिरसे चेक होगा.”

फिरसे चेक, म्हणजे पुन्हा ते वजन! आता तेल पातळ झालेलं होतं. सगळी मदार फक्त स्क्रूवर होती, म्हणजे चहाच्या पुड्यावर. आणि तेवढ्यात मला आठवलं की तो पुडा फोडलेला होता!

“मम्मी,” मी कुजबुजले, “त्या पुड्यातला चहा तुम्ही रोज काढत होतात?”

“मग? चहा काय नळाला येतो?”

झालं. म्हणजे पुडा पाचशेचा नव्हताच. कमी वजनावर लावलेला ट्रिगर आता सगळ्यांसमोर सुटणार, जोडी बाद होणार, आणि मी अकरा वर्षांच्या मुलांबरोबर रांगेत! खालिद वजन अडकवत होता. मी डोळे मिटले.

“पण तुमचा तो चहा अगदी गवत गो,” मम्मी सांगत होत्या. “म्हणून मी वसईहून आणलेली पावडर त्यातच ओतली. मावत नव्हती, तर दाबून दाबून भरली.”

मी डोळे उघडले. वजन ट्रिगरला लोंबत होतं आणि ट्रिगर जागच्या जागी होता.

“परफेक्ट!” खालिद म्हणाला. “मदाम, कितनेपे सेट किया?”

“पाँचसौसे ऊपर,” मी छाती काढून म्हणाले. “थोडा मार्जिन रखना चाहिए.”

ट्रॉफी मिळाली, खजूर मिळाले, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, मिळाला. बिगिनर्स बॅचचा विषय खालिदने पुन्हा काढला नाही. उलट उम्म अल कुवैनच्या सामन्यासाठी क्लबच्या टीममध्ये मम्मींचं नाव घालायला त्यांचा व्हिसा वाढवता येईल का, हे तो मलाच विचारत होता. मी एचआरमध्ये आहे ना!

क्लबच्या भिंतीवर आता आमचा मोठा फोटो लागलाय. मधोमध मम्मी, हातात ट्रॉफी, शेजारी खालिद, पुढे शॅनन. मीही आहे त्यात. ट्रॉफीच्या मागून जो अर्धा कान दिसतो ना, तो माझा!