पुठ्ठ्याचा कीबोर्ड

खडकीतल्या आमच्या मुलींच्या मराठी शाळेत संगणक आले, तेव्हा त्यांच्यासाठी एका खोलीला रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले आणि दाराबाहेर पाटी टांगली: 'चपला बाहेर काढाव्यात.' शिवणाच्या बाईंनी प्रत्येकाला झालरीचं कव्हर शिवलं. मग खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली मुख्याध्यापिकाबाईंच्या कमरेला गेली. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. काही बिघडलं तर पेन्शन अडकेल, ही त्यांची धास्ती. त्यामुळे मला संगणक शिकवावा लागे तो फळ्यावर, खडूने. मुलींनी वहीत माउस काढला, हौसेने त्याला शेपूट काढलं आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले. हात मात्र एकीनेही लावला नव्हता.

माझं डोकं फिरलं ते संस्थेच्या सचिवांमुळे. ते म्हणाले, "दिवाळीनंतर हे आपल्या इंग्रजी शाळेत हलवू. इथे पडूनच आहेत. आणि तुमच्या मुलींना तसंही काय करायचंय?"

काय करायचंय! बाहेर अख्खं पुणं कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करत होतं. आमच्या मुलींचे वडील दारूगोळा कारखान्यातले कामगार. घरी संगणक येण्याची बातच नव्हती. ही खोली गेली की विषय संपला.

मला संगणक येत नव्हता, पण नोकरीआधी मी इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती. बाजारातून बुटांची रिकामी खोकी मागून आणली, पुठ्ठे कापले, त्यांवर अक्षरांच्या कळा आखल्या. मधल्या सुट्टीत आठवीच्या मुली त्या पुठ्ठ्यांवर बोटं आपटायला लागल्या. टायपिंगच्या क्लासात मला मिळालेली शिस्त मी त्यांना लावली: नजर समोरच्या कागदावर, ती हलता कामा नये.

"बाई, दाबल्यावर काहीच होत नाही," त्या कुरकुरायच्या.

"होईल," मी ठणकावून सांगायचे. मनातून मलाही भीती वाटत होती.

खंडेनवमीला संगणकांची पूजा ठरली. सचिव आले. कव्हरं निघाली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, आता चालू करूया?"

मुख्याध्यापिकाबाई दचकल्या. "अहो, आज हत्यारांना विश्रांती द्यायची असते!"

"बाई, दमली कधी ती?"

सचिवांना हसू आलं. काखेतला इंग्रजी पेपर त्यांनी पुढे केला. "बरं, यातला एक परिच्छेद उतरवून दाखवा."

संगणक बसवायला आलेल्या माणसाने दाखवलं होतं तसं मी बटण दाबलं, लिहायचं पान उघडलं. माळ बाजूला सारून आठवीतली एक मुलगी खुर्चीत बसली. पेपर शेजारी ठेवला, बोटं कळांवर मांडली आणि सुरू झाली. खोलीत फक्त टकटक. परिच्छेद संपला तसे तिने हात मांडीवर घेतले आणि पेपरकडेच बघत बसून राहिली. आम्ही सगळे संगणकाच्या पडद्याकडे बघत होतो, ती सोडून. पुठ्ठ्याला पडदा नव्हता. वर बघायचं असतं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

"वर बघ गं," मी म्हटलं.

तिने मान वर केली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "बाई, हे मी लिहिलं?"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मागच्या मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला.

सचिवांनी चष्मा लावून ओळ न् ओळ पेपरशी ताडून पाहिली. "दोन चुका आहेत," ते म्हणाले.

तेव्हा आयुष्यभर संस्थेपुढे मान खाली घालून वागलेल्या आमच्या मुख्याध्यापिकाबाई पुढे आल्या. "साहेब, त्या सुधारायच्या तर संगणक इथेच राहायला हवेत." आणि कुंकवाने माखलेल्या बोटांनी कमरेची किल्ली सोडून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. सचिवांनी पेपरची घडी केली आणि प्रसादाची वाटी घेतली. संगणक हलवण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

पुढच्या खंडेनवमीला बाई निवृत्त झाल्या होत्या. मी त्यांना मुद्दाम पूजेला बोलावलं. हळदीकुंकू वाहायला त्या वाकल्या आणि थांबल्या. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली होती.

"अगं बाई, काय ही दशा केलीत!" त्या म्हणाल्या, आणि इतक्या खूश झालेल्या मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.